रिपोर्टमध्ये 'प्रथिन गमावले' असे लिहिले आहे : मोठ्या आतड्याचा कर्करोग, मार्कर आणि पुढचा अंदाज

बोरीकाठ (अंमळनेर) :

नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे आहेत आणि घरात आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. कापसाची वेचणी सुरू असेपर्यंत ते रोज शेतात जात होते, मात्र दिवाळीनंतर बांधावरून चालतानाही त्यांना दम लागू लागला. हिमोग्लोबिन ६.८ निघाले. लोहाच्या गोळ्या झाल्या, शिरेतून लोह झाले, पण रक्त नेमके जाते कुठे हे तीन महिने कोणीच पाहिले नाही. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ सापडली. नाशिकला शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली आणि दहाव्या दिवशी आम्ही घरी आलो.

माझा प्रश्न रिपोर्टचा आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे की गाठ आतड्याच्या स्नायूचा थर ओलांडून बाहेरच्या चरबीपर्यंत गेली आहे, म्हणजे टी-३, आणि तपासलेल्या १९ लसिकाग्रंथींपैकी एकीतही कर्करोग नाही. दुसऱ्या पानावर चार प्रथिनांची नावे आहेत. एमएलएच-१ आणि पीएमएस-२ यांच्यासमोर 'शाबूत' आणि एमएसएच-२ व एमएसएच-६ यांच्यासमोर 'गमावले' असे छापले आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा सीईए, म्हणजे रक्तात मोजतात ते एक प्रथिन, २.९ होता.

'गमावले' हा शब्द वाचल्यापासून घरात कोणाला नीट जेवण गेलेले नाही. त्यात डॉक्टरांनी केमोची गरज नाही असे सांगितले, तेव्हा भाऊबंद म्हणू लागले की एवढा मोठा आजार असून केमो देत नाहीत, म्हणजे एक तर त्यांनी आशा सोडली आहे किंवा आपल्यापासून काही तरी लपवले जात आहे. आप्पा ओट्यावर बसून मला रोज एकच विचारतात, "मना कागद काय सांगस?" (माझा कागद काय सांगतो?) जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

सूक्ष्मदर्शक (जळगाव) :

दादा, मी विकृतिशास्त्राचा डॉक्टर आहे आणि असे रिपोर्ट लिहिणे हेच माझे रोजचे काम आहे. उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील, परंतु कागदाचा अर्थ मी सांगू शकतो. तुम्ही ज्या शब्दाला घाबरला आहात, तो तुमच्या आप्पांच्या बाबतीत बऱ्याच अंशी दिलासा देणारा आहे.

ही चार प्रथिने पेशीच्या केंद्रकात राहतात आणि त्यांचे काम मुद्रितशोधकाचे असते. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल तयार होते, त्या नकलेत काही अक्षरे चुकतात आणि ही प्रथिने त्या चुका शोधून दुरुस्त करतात. ती जोडीने राहतात : एमएलएच-१ च्या आधाराने पीएमएस-२ टिकते आणि एमएसएच-२ च्या आधाराने एमएसएच-६. आधार देणारे प्रथिन गेले की जोडीदारही टिकत नाही. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये दोन नावांसमोर 'गमावले' असे दिसत असले, तरी मूळ बिघाड बहुधा एकाच ठिकाणी, म्हणजे एमएसएच-२ मध्ये आहे.

स्लाइडवर हे कसे दिसते ते सांगतो. आम्ही गाठीच्या केसाहून पातळ कापावर त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारे प्रतिपिंड सोडतो. प्रथिन असेल तर केंद्रक तपकिरी होते, नसेल तर ते निळेच राहते. आप्पांच्या स्लाइडवर गाठीच्या पेशींची केंद्रके निळी आणि त्यांच्या मधोमध घुसलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसली असणार. तो तपकिरी रंग दिसल्याशिवाय आम्ही 'गमावले' असे लिहीत नाही, कारण निरोगी पेशींनीही रंग घेतला नसेल तर दोष रंगवण्यात असतो आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

आता पुढच्या अंदाजाविषयी. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत चुकांचा ढीग साचतो, त्या चुकांमधून विचित्र आकाराची प्रथिने तयार होतात आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून लगेच ओळखू येतात. अशा गाठीभोवती आणि गाठीतही लिम्फोसाइटची गर्दी असते. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत हा दोष सापडतो आणि तो बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या गाठींत असतो. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे गाठ स्नायूचा थर ओलांडून गेली असली तरी ग्रंथी स्वच्छ असताना, अशा रुग्णांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी असते. आप्पांचा टप्पा हाच आहे.

केमो का नाही, याचे उत्तरही इथेच आहे. मार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारी प्रथिने किंवा जनुके, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि त्यांची गल्लत झाली की घोटाळा होतो. पहिला प्रश्न असा की काहीही औषध दिले नाही तर आजार कोणत्या वाटेने जाईल, आणि दुसरा असा की अमुक औषधाचा या गाठीवर उपयोग होईल का. दुसऱ्या टप्प्यातल्या या प्रकारच्या गाठीत दोन्ही उत्तरे एकाच बाजूला झुकतात : आजाराचा कल मुळातच बरा असतो आणि शस्त्रक्रियेनंतर एकट्या फ्लुरोयुरॅसिल या केमोच्या औषधाचा फायदा दिसलेला नाही. तुमच्या डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही, त्यांनी तो कागद नीट वाचला आहे.

एक विचारतो. घरात, विशेषतः आप्पांच्या भावंडांत किंवा त्यांच्या आईवडिलांत, कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला होता का?

सातपुड्याची लेक (शहादा) :

डॉक्टरसाहेब, याच धाग्यात माझ्या आईचा अनुभव लिहिते, कारण आमच्या घरातली सगळी चिंता त्या सीईए नावाच्या आकड्याभोवती फिरली. आईला डाव्या बाजूच्या आतड्याचा तिसऱ्या टप्प्यातला कर्करोग होता. शस्त्रक्रियेआधी सीईए ४२ होता, दीड महिन्याने तो ३.१ झाला. केमो पूर्ण झाली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी करत होतो आणि मी आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवत होते. सव्वा वर्षाने ४.८ आला, तेव्हा प्रयोगशाळेच्या कागदावर तो 'सामान्य' या रकान्यातच होता आणि कोणी काही बोलले नाही. पुढच्या वेळी ७.९ आणि त्यानंतर महिन्याभरात १३.

सीटी स्कॅनमध्ये यकृतात एकच गाठ दिसली. ती एकटी होती आणि काढता येण्याजोगी होती, म्हणून यकृताचा तेवढा भाग काढला. त्याला आता तीन वर्षे होतील. यंदाही आईने ओसरीत बसून भरताची वांगी स्वतः भाजली.

माझा प्रश्न असा आहे की ४.८ आला तेव्हाच आम्ही धावायला हवे होते का?

सूक्ष्मदर्शक (जळगाव) :

ताई, कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवलेत हे फार चांगले केलेत. बहुतेक घरांत फक्त शेवटचा कागद सापडतो.

सीईएचा शोध १९६५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी लावला. आतड्याच्या गाठीत जे प्रथिन सापडले, ते त्याच रुग्णाच्या निरोगी आतड्यात सापडत नव्हते, मात्र गर्भातल्या बाळाच्या आतड्यात होते. त्यावरून त्याचे नाव कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, म्हणजे सीईए, असे पडले. पुढे चाचण्या अधिक सूक्ष्म झाल्या तेव्हा कळले की निरोगी माणसातही ते थोडे असते. म्हणून ५ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर ही वापरातली मर्यादा आहे आणि ती ओलांडली की कर्करोग आहेच, असे कधीही म्हणता येत नाही.

त्याचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो. शस्त्रक्रियेआधी तो जास्त असेल तर आजाराचा पुढचा कल काहीसा वाईट समजला जातो. गाठ पूर्ण निघाली असेल तर तो साधारण चार ते सहा आठवड्यांत खाली यायला हवा आणि आला नाही तर कुठे तरी आजार शिल्लक आहे अशी शंका घ्यावी लागते. त्यानंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तो तपासतात, तो आजार उलटला तर लवकर कळावे म्हणून.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की एकट्या ४.८ वर धावायची गरज नव्हती, पण ३.१ वरून ४.८ झाला हे पाहून तीन महिन्यांऐवजी महिनाभरातच तो पुन्हा तपासला असता तर बरे झाले असते. सीईएमध्ये एका आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा असतो. तो चढ खरा ठरण्यासाठी रक्त दर वेळी एकाच प्रयोगशाळेत दिले पाहिजे, कारण दोन यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येऊ शकतात. एकदा शहाद्याला, एकदा सुरतला आणि एकदा नंदुरबारला दिलेल्या रक्तावरून रेषा काढता येत नाही. केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत तो तात्पुरता वाढू शकतो, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध सुरू असताना, आणि तेव्हा घाबरून औषध बदलू नये.

बोरीकाठ यांनी एक लक्षात ठेवावे. आप्पांचा सीईए गाठ असतानाही २.९ होता, म्हणजे त्यांच्या गाठीने तो फारसा रक्तात सोडला नाही. त्यांच्यासाठी पुढे सीईए सामान्य आला म्हणून स्कॅन किंवा दुर्बिणीची तपासणी टाळणे योग्य ठरणार नाही.

पांझरा (धुळे) :

माझ्या थोरल्या भावाने शिबिरातल्या तपासणीत सीईए केला आणि तो ६.२ आला. त्याला कसलाही त्रास नाही, मात्र वीस वर्षांपासून विडी ओढतो. आतड्याची दुर्बीण करावी का?

सूक्ष्मदर्शक (जळगाव) :

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए थोडा वाढलेला असू शकतो. यकृताचे आजार, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनाट सूज आणि फुप्फुसाचे जुने विकार यांतही तो वाढतो. म्हणूनच निरोगी माणसात कर्करोग शोधण्यासाठी ही चाचणी करायचीच नसते. भावाचे वय ४५ च्या पुढे असेल, शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा रक्त कमी झाले असेल, तर दुर्बीण त्या कारणासाठी करावी. विडी मात्र आजच सोडायला सांगा.

बोरीकाठ (अंमळनेर) :

डॉक्टरसाहेब, तुमचे लिहिणे मी आप्पांना दोनदा वाचून दाखवले. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाने मात्र मी हादरलो आहे. माझ्या आत्याला ४६ व्या वर्षी गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. पिशवी काढली आणि आज त्या पारोळ्याला सुखरूप आहेत. आजोबा पन्नाशीच्या आतच 'पोटाच्या दुखण्याने' गेले, एवढेच घरात सांगतात. आजवर आम्ही या तिघांची आजारपणे तीन वेगळी नशिबे समजत होतो.

पॅराफिन (भुसावळ) :

डॉक्टर उत्तर देतील तोवर मी एक गोष्ट लिहितो, कारण मी प्रयोगशाळेत ऊतींवर काम करणारा तंत्रज्ञ आहे आणि रिपोर्टचे अर्धे भवितव्य आमच्या टेबलावर येण्याआधीच ठरलेले असते.

शस्त्रक्रियेत काढलेले आतडे ताबडतोब १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये बुडले पाहिजे आणि फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दहापट असले पाहिजे. आतडे लांबीने उघडलेले असावे, म्हणजे द्रव आतपर्यंत पोचतो. सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त ठेवले तर प्रथिनांची ओळख पटवणारे प्रतिपिंड नीट चिकटत नाहीत. एकदा मे महिन्यात एका नातेवाइकाने एका रुग्णालयातून आणलेला नमुना माझ्यासमोर ठेवला : घोटभर फॉर्मॅलिन असलेली लहान बरणी, आत कोंबलेले न उघडलेले आतडे आणि एसटीचा चार तासांचा प्रवास. बरणीचे झाकण उघडताच वासावरून कळले की आतली ऊती सडू लागली आहे. त्या नमुन्यात एमएलएच-१ चा रंग गाठीतही आला नाही आणि निरोगी पेशींतही आला नाही. रुग्णाला सांगण्यासारखे आमच्याजवळ काहीच उरले नाही, आणि ती गाठ पुन्हा काढून आणता येणारी नव्हती.

बरणी नातेवाइकांच्या हातात देतात, म्हणून नातेवाइकांनीच विचारले पाहिजे : बरणी मोठी आहे का, नमुना पूर्ण बुडाला आहे का, गाठ काढल्याची वेळ चिठ्ठीवर लिहिली आहे का.

सूक्ष्मदर्शक (जळगाव) :

पॅराफिन यांनी लिहिलेले प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या दारावर लावावे असे आहे.

बोरीकाठ, तुम्ही सांगितलेली तीन आजारपणे आणि आप्पांच्या गाठीतले एमएसएच-२ चे गमावणे एकत्र ठेवले की लिंच सिंड्रोमची, म्हणजे हा दुरुस्तीतला दोष वंशातून आल्याची, शंका बळकट होते. एमएलएच-१ गेलेले असते तर आधी गाठीतल्या बी-रॅफ जनुकाची चाचणी सांगितली असती, कारण ते प्रथिन वाढत्या वयातही वंशाशी संबंध नसताना बंद पडू शकते. एमएसएच-२ च्या बाबतीत तसे सहसा होत नाही, म्हणून थेट आप्पांच्या रक्तावर जनुकीय चाचणी करावी. तिच्यात एमएसएच-२ सोबत शेजारचे एपकॅम जनुकही तपासायला सांगा, कारण त्याचा तुकडा गळाला तरी एमएसएच-२ मुके होते.

बदल सापडला तर आप्पांच्या प्रत्येक अपत्याला आणि प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे, मुलगा असो वा मुलगी. ज्यांच्यात तो असेल त्यांनी विशीच्या पूर्वार्धापासून किंवा पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे पाहून घ्यायचे असते, कारण त्यांच्यात मस्सा (पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतली लहान वाढ) कर्करोगात बदलायला फार वर्षे लागत नाहीत. दुर्बिणीत मस्सा दिसला की तो तिथेच काढता येतो. स्त्रियांनी गर्भाशयाविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. ज्यांच्यात बदल नसेल, त्यांना या काळजीतून पूर्ण सुटका मिळते. आत्याबाईंनाही आतड्याची तपासणी लागू शकते. गर्भाशय काढल्याने ती गरज संपत नाही.

लग्ने जमायची असलेल्या घरांत ही चाचणी लपवण्याकडे कल असतो, हे मी आपल्या भागात अनेकदा पाहिले आहे आणि त्याची किंमत पुढच्या पिढीतल्या एखाद्या तिशीतल्या मुलाने मोजलेलीही पाहिली आहे. कृपया तसे करू नका.

चाळीसगावकर :

माझ्या काकांना चौथ्या टप्प्याचा आजार आहे. एका ठिकाणी आम्हाला चौदा मार्करचे पॅकेज सुचवले आहे. त्यात पी-५३, की-६७, ईजीएफआर, सीए १९-९ अशी नावे आहेत. रक्कम मोठी आहे आणि ती उभी करायची तर केळीच्या बागेवर उचल घ्यावी लागेल. घ्यावे का?

सूक्ष्मदर्शक (जळगाव) :

उचल घेऊ नका. पी-५३ आणि की-६७ यांच्यावर मोठ्या आतड्याच्या संदर्भात असंख्य शोधनिबंध लिहिले गेले, पण एका अभ्यासात वाईट ठरलेला मार्कर दुसऱ्यात निरुपयोगी ठरला आणि त्यावरून रुग्णाचा उपचार बदलावा अशी स्थिती आली नाही. ईजीएफआरच्या रंगावरून तर सेटुक्सिमॅब हे त्याच प्रथिनावर काम करणारे औषध लागू पडेल की नाही हेही कळत नाही. सीए १९-९ मुख्यतः स्वादुपिंडासाठी वापरतात आणि काही माणसांच्या रक्तगटाची ठेवणच अशी असते की त्यांच्यात तो तयारच होत नाही.

काकांसाठी खरोखर हव्या असलेल्या चाचण्या मोजक्या आहेत. तीच चार दुरुस्ती-प्रथिने, कारण चौथ्या टप्प्यात ती गमावलेले रुग्ण पाच टक्क्यांच्या आसपासच असले तरी त्यांना पेम्ब्रोलिझुमॅबसारखी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे लागू पडतात आणि २०२० पासून अमेरिकेत ते औषध अशा रुग्णांना पहिलाच उपचार म्हणून मंजूर आहे. के-रास आणि एन-रास ही जनुके, कारण त्यांत बदल असेल तर सेटुक्सिमॅब आणि तसेच औषध पॅनिटुमुमॅब देऊन सहसा उपयोग नसतो. बी-रॅफमधला व्ही-६००-ई हा बदल, कारण दुरुस्ती-प्रथिने शाबूत असताना तो सापडला तर आजाराचा वेग जास्त असतो आणि उपचार त्यानुसार ठरवावे लागतात. हर-२ हे प्रथिन थोड्याच रुग्णांत वाढलेले असते, ते डॉक्टरांना विचारून करावे.

यासोबत दोन स्वस्त प्रथिनांकडे पाहा, जी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही मोजतात : अल्ब्युमिन आणि सीआरपी. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली असेल, तर शरीर सुजेने आणि कुपोषणाने खंगत आहे असा अर्थ होतो आणि पुढचा काळ कठीण जाण्याची शक्यता वाढते. बाकी मार्कर बहुतांशी गाठीविषयी बोलतात. ही दोन प्रथिने ती गाठ वाहणाऱ्या माणसाविषयी बोलतात, आणि आपल्याकडे रुग्ण येतो तेव्हा कित्येकदा त्याचे वजन दहा किलोने उतरलेले असते.

संशोधनात आशादायक म्हणावे असे दोन मार्कर आहेत. फ्रान्समधील जेरोम गॅलन यांनी गाठीतल्या आणि तिच्या कडेच्या सीडी-३ व सीडी-८ या लिम्फोसाइटची मोजणी करून पुढचा अंदाज बांधता येतो हे २००६ मध्ये मांडले आणि २०१८ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांवर ते पडताळले गेले. दुसरे सीडीएक्स-२ : आतड्याच्या पेशीची ओळख सांगणारे हे प्रथिन ज्या थोड्या गाठींत नसते, त्यांचा कल वाईट असतो, असे २०१६ मध्ये दिसले. मात्र या दोन्हींच्या आधी पाहायची गोष्ट तुमच्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर असते, ती म्हणजे आजाराचा टप्पा. ग्रंथी किमान १२ तपासल्या आहेत का हे पाहा. पाचच तपासून 'ग्रंथी स्वच्छ' असे लिहिले असेल, तर कोणत्याही मार्करने ती उणीव भरून निघत नाही.

बोरीकाठ (अंमळनेर) :

आप्पांचे रक्त जनुकीय चाचणीसाठी दिले आहे. त्याआधी समुपदेशक ताईंनी तासभर आमचा वंशवृक्ष काढला; आजोबांच्या चुलत्यापर्यंत गेल्यावर आणखी एक 'पोटाचे दुखणे' सापडले. भाऊबंदांना मी तुमचा केमोविषयीचा मजकूर छापून दिला आणि आता तो विषय कोणी काढत नाही.

शेवटची शंका. आत्याच्या गर्भाशयाचा रिपोर्ट अकरा वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर ही चार प्रथिने आता तपासता येतील का?

पॅराफिन (भुसावळ) :

येतील, ब्लॉक सापडला तर. मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा कोरड्या जागी अनेक वर्षे टिकतो. जुन्या रिपोर्टवर डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात एक क्रमांक असतो, तो घेऊन त्या प्रयोगशाळेत जा आणि स्लाइडसोबत ब्लॉकही मागा.

सूक्ष्मदर्शक (जळगाव) :

आधी आप्पांच्या रक्ताचा निकाल येऊ द्या. त्यात नेमका बदल सापडला, तर आत्याबाईंच्या रक्तात तेवढा एकच बदल शोधायचा असतो आणि ती चाचणी बरीच स्वस्त पडते. निकाल अस्पष्ट आला तरच ब्लॉक काढावा लागेल. तोवर आत्याबाईंना हे सारे फोनवर सांगू नका, पारोळ्याला जाऊन समोर बसून सांगा.

बोरीकाठ (अंमळनेर) :

रविवारी जातो आहे. आप्पाही सोबत येणार म्हणतात. बहिणीला आपणच सांगणार, असे त्यांनी सकाळीच बजावले आहे.